मालनमावशीचा डावा डोळा

मालनमावशीपुढे तुम्ही पेढा जरी धरला, तरी तिचं कोपर आधी तोंडावर यायचं आणि मग हात पुढे व्हायचा. गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना ते विचित्र वाटायचं. आम्हाला कारण माहीत होतं. तिचा नवरा, रंगनाथकाका, बिडकीनच्या शेतावरून संध्याकाळी पिऊन यायचा आणि थोड्या वेळाने आमच्या भिंतीपलीकडून माणूस भांड्यांवर आदळल्याचा आवाज यायचा. मी धावत गेले तर मावशीच दार लावून घ्यायची. मी शाळेत शिकवते म्हणून ती मला बाई म्हणायची. "बाई, तू घरी जा. तुझ्यादेखत मालकाचा हात लई चालतो."

काचबिंदूने तिचा उजवा डोळा कधीच खाल्ला होता. काकाला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तो मारायचा तो उजवीकडूनच. येणारा हात तिला दिसायचाच नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला माफ केलं नाही आणि करणारही नाही.

राहिलेल्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्याला धक्का लागू द्यायचा नाही आणि दर आठवड्याला डोळ्याचं प्रेशर तपासून घ्यायचं. तिला मूलबाळ नव्हतं. रिक्षाने मीच नेत असे. तपासणारी मुलगी निळ्या उजेडाची छोटी नळी डोळ्याजवळ न्यायची आणि मावशीचं कोपर तिच्या मनगटावर बसायचं. मुलगी चिडली. "मावशी, मी काय मारतेय का?"

"तू नाय गं. पण कोपराला काय कळतंय?"

शेवटी मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. प्रेशर चांगलं निघालं.

पुढच्या खेपेला ते एकदम तळाला गेलेलं. मला वाटलं, कमी म्हणजे बरंच की. डॉक्टर माझ्यावरच उखडले. "बरं कसलं? टाका उसवलाय, आतलं पाणी झिरपतंय. मार लागलाय का?"

"म्हशीनं शेपूट मारलं," मावशी म्हणाली. आमच्या गल्लीत म्हैस कुठली आलीय! डॉक्टरांनी पुन्हा टाका घातला आणि सांगितलं की आता एक फटका बसला तरी हा डोळा हातचा गेला. परतताना घर जवळ आल्यावर ती रिक्षात म्हणाली, "ह्यो बी डोळा गेला तर मालकाचा हात कुठूनबी आला तरी दिसायचा नाय, बाई."

त्याच संध्याकाळी भाकरी करपली म्हणून काका हात उगारून उठला. मावशी गॅसपाशी उभी होती. तिने तव्यावरचं तापलेलं उलथनं त्याच्या उजव्या हातावर दाबलं आणि कातडी सुटेपर्यंत काढलं नाही. त्याची बोंब ऐकून मी गेले, तर काका मोरीत हात धरून विव्हळत बसलेला आणि ही मान जराही न वाकवता ताठ उभी. "वरवंटा हाताशीच व्हता," ती मला म्हणाली. "पण डॉक्टर वजन उचलू नको म्हणलेत." मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

काका हाताला फडकं गुंडाळून शेतावर राहायला गेला. काही दिवसांनी पैठण रोडवर त्याने पिऊन मोटरसायकल उभ्या ट्रकवर घातली. चेहरा ओळखू येत नव्हता, असं प्रेत आणणारे सांगत होते. "ब्रेक त्याच हातानं दाबत्यात ना?" मावशीने मला विचारलं.

जमलेल्या बायका तिला रडायला लावत होत्या आणि ती कोरडी ठणठणीत बसलेली. नणंदेने तिच्या पाठीत गुद्दे घातले. "रड की गं! माझा भाऊ खाल्लास!" मी मध्ये पडले, तेव्हा दोन मलाही बसले. त्यात प्रेशर तपासायचा वार सुतकातच आला. नणंद दारात आडवी उभी राहिली. "सुतकात उंबरा ओलांडतीस व्हय?"

"सुतक मला हाय, डोळ्याला नाय," मावशी म्हणाली आणि तिला बाजूला ढकलून रिक्षात जाऊन बसली.

प्रेशर चांगलं निघालं. तो डोळा पुढे तिला मरेपर्यंत पुरला. उठता उठता तिने डॉक्टरांना विचारलं, "रडलं तर चालंल का?"

डॉक्टर गोंधळले. "रडा की. फक्त डोळा चोळायचा नाही."

रिक्षा सुरू झाली आणि ती रडायला लागली. मला वाटलं, काही झालं तरी नवरा होता. तसं मी बोलूनही दाखवलं.

"त्याच्यासाठी नाय गं," ती म्हणाली. "रडलं की त्यो अजून मारायचा. म्हणून ऱ्हाऊनच गेलं हे."

मी रुमाल पुढे केला, तर मान हलवून नको म्हणाली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. पाणी हनुवटीवरून पदरात पडत होतं आणि घर येईपर्यंत तिने एकदाही डोळा पुसला नाही.