आधी तुम्ही, मग मी

जयपुरात डॉक्टर पुष्कळ होते. पण माणसाला आजारीच पडू न देणारे गृहस्थ एकच, आणि ते विम्याच्या कचेरीत अधिकारी होते. सी-स्कीममध्ये आमच्या बिऱ्हाडाच्या वरच्या मजल्यावर ते राहत. मूळचे साताऱ्याचे. कधीतरी मानसशास्त्राचं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं आणि तेव्हापासून आम्हा मराठी मंडळींच्या प्रकृतीचा मक्ता त्यांनी स्वतःकडे घेतला. "माणसाला रोग आवडत नाही, पण उपदेश त्याहून आवडत नाही," असं ते म्हणत. एका उन्हाळ्यात घरोघरी पोरांना जुलाब सुरू झाले. पाणी उकळा म्हणून डॉक्टर कंठशोष करत होते आणि बायकांना कोळशाची नासाडी दिसत होती. ह्यांनी आमच्या हिला सहज विचारलं, "वहिनी, समोरच्या कर्नलीणबाई हल्ली उकळलेलंच पाणी पितात म्हणे. खरं का हो?" आठवड्याच्या आत गल्लीभर पातेली रटरटू लागली. कर्नलीणबाईंकडेसुद्धा. त्यांच्या कानावर ह्यांनी आमचं नाव घातलं होतं.

माझी गोष्ट मात्र पातेल्यावर भागणारी नव्हती. माझे वडील पन्नाशीच्या आत छातीच्या दुखण्यानं गेले. मला चाळिसावं लागलं आणि जिना चढताना छाती धडधडू लागली. जो रोग कुणी सांगितला नाही तो झालेलाच नाही, असा माझा हिशेब. हिनं रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. मी दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हतो. एका रविवारी वरचे गृहस्थ पडलेल्या चेहऱ्यानं खाली आले. "अहो, छातीत धडधडतं हो माझ्या. एकट्याला जाववत नाही. सोबतीला येता?" शेजारधर्म म्हणून गेलो. डॉक्टरांच्या दारातच त्यांनी माझा दंड धरला. "आधी तुम्ही दाखवा. तुम्ही धड बाहेर आलात, की मग मी." आता माघार घ्यावी तर भित्रा ठरतो! गेलो, टेबलावर आडवा झालो. डॉक्टर म्हणाले, "दिल ठीक है। प्रेशर ज़रा बढ़ा है, अच्छा हुआ अभी आ गए। नमक कम, और रोज़ टहलिए।" छातीवरची धोंड उतरली. त्या आनंदात बाहेर येऊन पाहतो, तर गृहस्थ पसार! डॉक्टर हसले. "हर महीने किसी को ले आते हैं। खुद आज तक नहीं दिखाया।"

ते सगळं नाटक होतं, असं मी धरून चाललो. महिन्यानं मीच वर गेलो. "प्रेशर दाखवायचंय, एकट्याला जाववत नाही. या खेपेला आधी तुम्ही." ते हसले खरे, पण टेबलावर आडवे होताना त्यांनी माझा हात जो धरला तो सोडवेना. तळवा घामानं ओला होता. बिचाऱ्यांची धडधड पहिल्यापासून खरीच होती. काही झालेलं नाही, हे त्यांनी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं. परतताना आम्ही दोघांनी दोन-दोन कचोऱ्या खाल्ल्या. त्या दिवसापुरतं मीठ माफ होतं.

पुढे त्यांची बदली थेट गौहाटीला झाली. दिवाळी सरली की त्यांचं कार्ड येतं: "दाखवून आलात का? कळवा, म्हणजे मी जातो." मला आता जिना चढताना काही होत नाही. तरी कार्ड आलं की मी त्याच दिवशी दवाखाना गाठतो आणि बाकावर एका माणसाची जागा सोडून बसतो. घरी येऊन पहिलं काम म्हणजे उत्तर टाकणं. टपाल पोचायला आठवडा लागतो, आणि तोवर ते तिकडे चपला घालून खोळंबलेले असणार.