पाठीवरचं जेवण

शेलार गावात रंजिताला बायका ‘भात वाळवणारी’ म्हणायच्या. लोक पापड वाळवतात, मिरच्या वाळवतात, मासळी वाळवतात. पण शिजवलेला भात पत्र्यावर पसरून वाळवणारी बाई गावाने पहिल्यांदाच पाहिली होती. तिच्या सासूला, आक्काला, सुरुवातीला त्याची लाजच वाटायची. कुणी विचारलं की ती हात उडवून सांगायची, "आमच्या जीवनला डोंगरावर न्यायला हाय. त्याला डोंगराचं याड लागलंय, नि हिला त्याच्या जेवणाचं."

जीवन म्हणजे रंजिताचा नवरा. जवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याआधी, तरुणपणी, त्याने कापडाच्या गाठी उचलायचं काम केलं होतं आणि त्यात कंबर कायमची अधू करून घेतली होती. दिवसभर पत्र्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात ड्युटी. त्यामुळे सुट्टी मिळाली की त्याला मोकळं आभाळ हवं असायचं. भाविक नावाच्या गोदामातल्या मित्राने एकदा त्याला माहुलीच्या किल्ल्यावर नेलं आणि जीवन तिथून वेगळाच माणूस होऊन परतला. मग दर हिवाळ्यात किल्ले ठरलेलेच. पण डॉक्टरांनी कमरेचा पट्टा देताना बजावलं होतं, की पाठीवर वजन घ्यायचं नाही. मित्र म्हणायचे, तुझं सामान आम्ही वाटून घेतो. जीवनला ते पटायचं नाही.

"माझा डबा दुसऱ्याने वाहायचा, तर मी घरी बसलेलं काय वाईट?" तो म्हणायचा.

रंजिताने हे मनावर घेतलं. जीवन आधी भाकऱ्या न्यायचा. त्या जड, आणि दुसऱ्या दिवशी दगड. मग मित्रांसारख्या नूडल्सच्या पुड्या नेऊ लागला. त्या हलक्या, पण तासाभरात पोट पुन्हा रिकामं. तेव्हा तिने डोकं लढवायला सुरुवात केली. डोंगरावर पाणी मिळतं, म्हणजे पाणी घरून कशाला वाहायचं? जेवणातलं पाणीच काढून टाकलं तर? ती भात शिजवून पत्र्यावर पसरायची. समोरच्या रस्त्याने कंटेनर जायचे, त्यांची धूळ बसू नये म्हणून वर नारपोलीच्या यंत्रमागावरून आणलेलं कोरं पातळ कापड घालायची. भात कडकडीत वाळला की मूठभर उरायचा. वरणाचाही घट्ट गोळा थाळीला फासून उन्हात ठेवायचा आणि नंतर चुरायचा. सोबत जवळा, म्हणजे बारीक सुकी कोळंबी, भाजून, लसूण-मिरची घालून कुटलेली चटणी. वाटेत खायला नाचणी, गूळ आणि शेंगदाण्याचे लाडू. संध्याकाळी मुक्कामावर उकळत्या पाण्यात दोन मुठी टाकल्या, की एका माणसाचा वरणभात तयार.

पहिल्याच खेपेला जीवन घरी आला तो दारातूनच ओरडला, "रंजिता, सगळे बोटं चाटत होते! भाविक म्हणतो, पुढच्या येळेला सगळ्यांचं तूच कर."

तेव्हापासून ती सगळ्यांचं करू लागली. जीवन परतला की ती त्याला खोदून खोदून विचारायची. काय संपलं? काय उरलं? चढावर भूक कधी लागली? तो अंगणात पाय पसरून सांगायचा आणि आक्का आतून म्हणायची, "दुसरं काय बोलायला न्हाय का तुमाला?" दुसरं त्यांना खरंच फारसं नव्हतं. मूलबाळ झालं नाही. पण त्या लाडवांवर आणि भातावर त्यांचा संसार मजेत चालला होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका चढावरून आल्यावर जीवन म्हणाला, "लाडू कोरडे झालेत गं. घशात बसतात."

रंजिताने पुढच्या खेपेला तूप वाढवलं. तरी तो म्हणाला, जरा बसतात. मग तिने शेंगदाणे आणखी बारीक केले, नाचणी दोनदा चाळली. मग लाडूच बंद करून त्याचं पीठ केलं, पाण्यात कालवून प्यायचं. जीवन म्हणाला, हे झकास. भाताचीही तिने कणी केली, म्हणजे लवकर मऊ पडेल. दर वेळेला काही नवं करायला मिळतंय याचा तिला मनातून आनंदच होत होता. गडी बारीक होत चालला होता, पण आक्का म्हणायची, डोंगर चढून चढून झालाय. आणि रंजिताला ते खरं वाटायचं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाविकने पुढच्या मे महिन्यासाठी मोठा बेत काढला. उत्तराखंडात, बर्फाच्या डोंगरात, आठवडाभर. जीवन लहान मुलासारखा हरखला. पण त्या दिवाळीत फराळाला बसल्यावर त्याने चकलीचा तुकडा तोंडात घातला आणि तो खाली जाईना. पाणी प्यायला, तेही उलटून आलं. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा काळानिळा पडला. रंजिताने त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. तिथून मुंबईच्या इस्पितळात. दुर्बीण घातली, तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कर्करोग होता आणि बराच पसरलेला.

इस्पितळातून परतताना रिक्षात ती म्हणाली, "मी तूप वाढवत बसले. पीठ चाळत बसले."

जीवन बाहेर पाहत म्हणाला, "मना माहीत होतं रंजिता. उन्हाळ्यापासून पाणी पण अडकायचं."

"मग बोललात का न्हाय?"

"बोललो असतो तर तू तवाच डॉक्टरकडं नेलं असतंस. मग हिमालय राहिला असता."

त्या संध्याकाळी आक्काला सगळं तिनेच सांगितलं, जीवनशी मात्र बोलली नाही. तिला त्याचा एवढा राग आला होता की त्याच्याकडे पाहवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात शर्ट काढून बसला होता. तिला त्याच्या पाठीची हाडं दिसली, आणि राग कुठे गेला ते तिचं तिलाच कळलं नाही. ती चादर घेऊन गेली आणि त्याच्या अंगावर घातली.

पुढे त्याच्या पोटाला नळी बसवली. इस्पितळातल्या नर्सने रंजिताला नीट शिकवलं. किती पातळ करायचं, किती हळू सोडायचं, नळी कशी धुवायची. रंजिता भात, वरण, नाचणी सगळं वाटून, कापडातून गाळून द्यायची. जीवन डोळे मिटून पडायचा. एकदा त्याने विचारलं, "आज काय हाय?"

"मऊ भात नि मुगाचं वरण."

"वरनं तूप घातलंस?"

"घातलंय."

"हां," तो म्हणाला, जणू चव कळली.

भाविक हिमालयाचा बेत रद्द करायला निघाला होता. जीवनने त्याला खाटेजवळ बसवलं. "माझ्यापायी थांबलात तर मना जास्त त्रास होईल. जा तुम्ही. जेवण रंजिता करील."

रंजिताने कपाळाला हात लावला. नवरा असा पडलेला, आणि दुसऱ्यांच्या सहलीचा भात वाळवायचा? पण जीवनच्या तोंडावर कित्येक दिवसांनी तजेला दिसत होता. एप्रिलच्या उन्हात तिने पुन्हा पत्र्यावर भात पसरला. खाट तिने अंगणात, पडवीच्या सावलीत आणली. जीवन तिथून सूचना द्यायचा. आवाज बारीक झाला होता. ती जवळ जाऊन ऐकायची. जवळा भाजायला घेतला तेव्हा घरभर वास सुटला. जीवनने मान वर केली.

"लसूण कमी पडलाय," तो म्हणाला.

तिने चाखून पाहिलं. खरंच कमी होता. ती स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलत राहिली आणि लसूण सोलण्याच्या निमित्ताने पोटभर रडली.

मे महिन्यात मंडळी गेली. निघताना भाविकने सॅक जीवनच्या हातात दिली. जीवनने ती दोन्ही हातांनी जेमतेम उचलून पाहिली आणि म्हणाला, "बरोबर हाय. कंबर न्हाय दुखणार." वर गेल्यावर त्यांच्या फोनला रेंज नव्हती. ते वर असतानाच एका दुपारी जीवन गेला. आक्का त्याच्या पायाशी बसली होती, रंजिता जेवण गाळायचं कापड धुवायला मोरीत गेली होती. आक्काची हाक ऐकून ती धावत आली तोवर संपलं होतं.

भाविक खाली उतरल्यावर त्याला कळलं. तो स्टेशनवरून घरीही न जाता थेट शेलारला आला. उन्हाने नाक सोललेलं, दाढी वाढलेली. आक्काच्या पायाशी बसून हमसून हमसून रडला. रंजिता कोरड्या डोळ्यांनी चहा घेऊन आली. जीवन गेल्यापासून ती रडली नव्हती. बायका आपसात कुजबुजत होत्या.

तिने विचारलं, "जेवण पुरलं का?"

"वहिनी, आता ते..."

"सांग ना. पुरलं का?"

"पुरलं. खूप चांगलं झालं होतं."

"खरं सांग, भाविक."

भाविकने डोळे पुसले. "वरच्या मुक्कामाला भात नीट फुलला न्हाय. तिकडं पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत न्हाय. दाणा आतून कडक राहायचा. आम्ही तसाच चावून खाल्ला."

"आधी गार पाण्यात भिजत घालायचा. मग उकळायचा," रंजिता म्हणाली.

"आम्हाला कुठं सुचलं, वहिनी? डोंगरावर चूल तोच बघायचा. तो असता तर त्याने भिजवला असता."

रंजिता खाली बसली. हातातली बशी बाजूला ठेवायचंही तिला सुचलं नाही. तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की आक्का आपलं रडणं विसरून तिच्याकडे सरकली.

त्यानंतर डोंगर चढणाऱ्या दुसऱ्या एका मंडळाने भाविककडून निरोप पाठवला, आमचंही जेवण करून द्याल का. रंजिताने एकदा भात शिजवला, पत्र्यावर पसरला. दुपारी तो वरखाली करायला गेली आणि नीट वाळला का ते आता कुणाला दाखवायचं ते कळेना. संध्याकाळी तिने सगळा भात गोळा करून कोंबड्यांना घातला आणि भाविकला फोन करून नाही सांगितलं. आता ती पूर्ण्यालाच एका गोदामात पॅकिंगला जाते.

रविवारी मात्र तिला घर खायला उठतं. जुन्या सवयीने पहाटे जाग येते आणि करायला काही नसतं. मग ती अंगणात आक्काजवळ जाऊन बसते. आक्का जीवनच्या लहानपणीचं काहीबाही सांगते, पुष्कळदा तेच तेच. अशाच एका रविवारी आक्का मध्येच थांबली आणि तिने विचारलं, "काय असतं गं त्या डोंगरावर?"

"मना काय माहीत, आक्का? मी कवा गेले?"

आक्का तिच्याकडे वळली. "एवढं करून घातलंस, नि तुला कवा न्हेलं न्हाय त्याने?"

"म्हणायचे ना. दर येळेला म्हणायचे, चल. मीच म्हणायची, पुढच्या येळेला."

आक्काने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ऊन अंगणात आलं, तेव्हा रंजिता उठली आणि दुपारच्या जेवणाचे तांदूळ निवडायला घेऊन आली.