सातव्या महिन्यातली पहिली तिमाही

प्रत्येक मातेची तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच झाली पाहिजे, कारण मातृत्वाच्या रक्षणात वेळेला पर्याय नाही. हे वाक्य मंचामागच्या बॅनरवर सोनेरी अक्षरांत होतं. कार्यक्रम अडीच तास उशिरा सुरू व्हायचा होता आणि बॅनरखाली बसलेल्या सगळ्या मातांना सातवा महिना होता.

मी तेव्हा बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ होते. इंटिग्रेशनचे दिवस होते. सगळ्या योजना एकमेकींत मिसळा, असा वरून आदेश होता. आमच्याकडे प्री-एक्लॅम्पसियाच्या धोक्याची लवकर तपासणी सुरू होणार होती. अंगणवाडीकडे गोदभराई होती, म्हणजे आपलं ओटीभरण. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी दोन्ही एकत्र केल्या.

प्री-एक्लॅम्पसिया म्हणजे गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब चढतो, बहुधा लघवीतून प्रथिनं जायला लागतात, आणि वेळीच आवरलं नाही तर झटके येतात. आई आणि बाळ, दोघांच्या जिवाशी खेळ. पण कुणाला धोका जास्त आहे, याचा अंदाज तिसऱ्या महिन्यातच बांधता येतो. आधीच्या बाळंतपणात काय झालं ते विचारायचं, बीपी घ्यायचं, गर्भाशयाकडे रक्त कसं वाहतंय ते सोनोग्राफीत बघायचं. धोका दिसला तर अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी सुरू करायची. ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर खरा उपयोग.

"साहेब, ओटी सातव्या महिन्यात भरतात," मी म्हटलं होतं. "तिसऱ्या महिन्यातली बाई इथे येणार कशी? आपल्याकडे तीन महिने सरेपर्यंत शेजारणीलासुद्धा सांगत नाहीत."

"मॅडम, तीसरे महीने के फोटो में क्या आएगा?" साहेब म्हणाले. "पोट दिसलं पाहिजे."

मी तपासणीचं टेबल आणि सोनोग्राफीचं मशीन मागच्या खोलीत लावून घेतलं.

पाहुण्यांची वाट बघत मी मागच्या खोलीत बसले होते. तुकईथडची एक तरुण बाई दारात आली. हातात नारळाची पिशवी. तिच्या मोठ्या जावेची, रेखाची, आज ओटी होती.

"मॅडम, आमच्या गावात एक बाई आहे," ती म्हणाली. "मागच्या खेपेले सातव्यातच तिचं बीपी वाढलं. झटके आले. लेकरू गेलं. तिनं आता काय करायचं?"

"त्या बाईला आता कितवा?"

"तिसरा लागला."

"त्या बाईला म्हणावं, पिशवी खाली ठेव आणि टेबलावर झोप."

ती हसली नाही. पिशवी ठेवून झोपली. तिचं नाव सुनीता.

बीपी आताच काठावर होतं. सोनोग्राफीत गर्भाशयाकडचा रक्तप्रवाह अडखळत होता. मी नर्सकडून गोळ्या मागवून घेतल्या, तेवढ्यात सासू जानकीबाई शोधत आल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"कोणाले सांगितलं तर नाही ना हिनं?"

"फक्त मला."

"मागल्या टायमाले लई लवकर सांगितलं होतं, बाई. नजर लागली."

"मावशी, मागल्या वेळी बीपी लागलं. नजरेचं तुम्ही बघा, बीपीचं मी बघते. रोज रात्री ही एक गोळी. आणि दर महिन्याला इकडे आणायचं."

"लोकं विचारतीन, दवाखान्यात कायले जाते?"

"रेखाला दाखवायला."

जानकीबाईंना हे पटलं. गोळ्या नारळाखाली गेल्या.

दारावर थाप पडली. साहेब होते. "मॅडम, नर्स कहती है, एक अर्ली वाली, तिसऱ्या महिन्यातली, मिळाली. मंचावर आणा. पाहुण्यांच्या हस्ते शाल देऊ, माइकवर नाव घेऊ."

जानकीबाईंनी सुनेचा दंड धरला. आता ही बाई मंचावर चढली की गोळ्या इथेच राहणार आणि सून परत कधी दिसणार नाही, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं.

"नाही साहेब," मी म्हटलं, "ही जावेबरोबर आली आहे. पिशवी सांभाळायला."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी सुनीताच्या पोटाकडे पाहिलं. तिथे फोटोत येण्यासारखं काही नव्हतं. ते गेले.

पुढे दर महिन्याला रेखाला दाखवायला सुनीता येत राहिली. रेखा बाळंत होऊन माहेरी गेली, तरी सुनीता तिला दाखवायला येत होती. बीपी शेवटच्या आठवड्यांत थोडं चढलं. औषधं वाढवली, तिला भरती करून घेतलं. दिवस भरून मुलगी झाली, आणि तिच्या रडण्यानं जानकीबाई बाहेर बाकावरून उठून उभ्या राहिल्या.

मी यातून एवढंच शिकले की बॅनर पुढच्या दाराला लावावा आणि तपासणी मागच्या खोलीत करावी.

मधल्या काळात असंच दुसरं शिबिर झालं होतं. त्यात सुनीता उघडपणे आली, ओटी भरून घेतली, शालही घेतली. तो फोटो दवाखान्याच्या व्हरांड्यात अजून आहे. खाली लिहिलंय, 'पहिल्या तिमाहीतील तपासणीची लाभार्थी'. फोटोत तिला सातवा महिना आहे.