दोन ठिपक्यांची निवटी

आमच्या घरात माझ्या बोलण्याला तीनने भागायची पद्धत आहे. मी "लग्नाला हजार माणूस होतं" म्हटलं, की आई स्वयंपाकघरातूनच "म्हणजे तीनशे" असं म्हणून मोकळी होते. शेजारीपाजारी आणि मैत्रिणीही तेच करतात. माझी तक्रार नाही. पण माझ्या आयुष्यात एकदा अशी गोष्ट घडली जिला कशानेही भागायची गरज नव्हती, आणि नेमकी तीच कोणी मानायला तयार होईना.

तेव्हा मी प्राणिशास्त्रात पीएचडी करत होते आणि माझा विषय होता निवटी. पनवेलच्या माणसाला निवटी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, नाव काढलं तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. बाकीच्यांसाठी सांगते. खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारा हा बोटापेक्षा थोडा मोठा मासा. डोळे डोक्यावर बसवलेले, चेहरा कायम कोणीतरी अपमान केल्यासारखा. ओहोटीला पाणी गेलं की ही बया बाहेर येऊन चिखलावर उड्या मारत फिरते. पाण्याबाहेर तासन्‌तास जिवंत राहते, म्हणून बाजारातसुद्धा बादलीत जिवंतच विकली जाते.

मला सिद्ध करायचं होतं की निवटीला आपलं घर आठवतं. रोडपालीच्या बाजूच्या काठावर मी निवट्या पकडायचे, प्रत्येकीच्या कातडीखाली रंगाचे दोन बारीक ठिपके टोचायचे (जागा आणि रंग प्रत्येकीचे वेगळे, म्हणजे ओळख पटायला सोपं) आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर नेऊन सोडायचे. मग इकडे येऊन तिच्या बिळासमोर डोळे लावून बसायचे. कोणी परत येतंय का?

कोणीही परत आलं नाही. आख्खा हंगाम मी चिखलात उभी होते. माझी एक चप्पल अजून तिथे रुतलेली आहे, काही लाख वर्षांनी कोणीतरी ती उकरून तिच्यावर प्रबंध लिहील. पण निवट्यांनी मला ओळख दाखवली नाही.

शेवटी सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, केबिनमध्ये बोलावलं. सर कमी बोलतात. त्यांचं एक वाक्य संपेपर्यंत मी दोन चहा पिते.

"सोमवारी कमिटी आहे," ते म्हणाले. "एक जरी परत आली असेल तर चॅप्टर उभा राहतो. नसेल तर विषय बदलू."

"सर, विषय बदलायचा म्हणजे पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

माझी फेलोशिप संपत आली होती. पहिल्यापासून म्हणजे पीएचडीला रामराम, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

कमिटीच्या आदल्या दिवशी, रविवारी, सकाळच्या ओहोटीला मी शेवटची फेरी मारायला गेले. दुर्बीण लावली. एका बिळाच्या तोंडावर एक जाडजूड निवटी बसली होती. उजव्या खांद्यावर नारिंगी ठिपका, शेपटीजवळ गुलाबी. तीच! हिला मी पलीकडे नेऊन सोडलं होतं, आणि ती आख्खी खाडी ओलांडून स्वतःच्या दारात येऊन बसली होती, लांबच्या प्रवासाहून आलेल्या आत्याबाईसारखी.

फोटो हवा होता. पण मागच्याच महिन्यात एक फोन चिखलाने गिळला होता, म्हणून नवा फोन मी बांधावर पिशवीत ठेवून आले होते, जाळीही तिथेच. मी वळले आणि घाईत पाय टाकला तो गुडघ्याच्या वर गेला. दुसरा सोडवायला गेले, तोही गेला. मी तिथे झेंड्यासारखी रोवली गेले.

आणि मागे कुणाच्या तरी पायांचा पचक पचक आवाज आला.

मान वळवून बघते तर मावशी. उरणकडच्या. दर रविवारी हाताने निवट्या धरायच्या आणि पनवेलच्या बाजारात विकायच्या. कासोटा खोचलेला, कमरेला टोपली. सरळ माझ्या बिळाकडे चाललेल्या!

"मावशी! ती नको! ती माझी आहे!"

वारा समोरून होता. मावशींनी माझ्याकडे बघून खुशाल हात हलवला आणि तोच हात खांद्यापर्यंत बिळात घातला. मी कंबरेतून हलत होते, ओरडत होते, पाय जागचा सुटत नव्हता. हात बाहेर आला. मुठीत माझी पीएचडी वळवळत होती. ती टोपलीत गेली आणि मावशी बांधावर चढून दिसेनाशा झाल्या.

मी सुटले तेव्हा बराच वेळ गेला होता. कशी सुटले ते सांगत नाही, तुम्ही तीनने भागाल. कंबरेपर्यंत काळी होऊन रस्त्यावर आले, तर पहिल्या रिक्षावाल्याने मला पाहून वेग वाढवला. दुसऱ्याने सीटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि आरशात बघत विचारलं, "मॅडम, विसर्जनाला गेलेल्या का?"

बाजारात पोचले. मावशी पालथ्या बादलीवर बसून पान जुळवत होत्या. पालथी बादली म्हणजे माल संपलेला.

"मावशी, निवट्या?"

"सगल्या गेल्या. आता पुढच्या आयतवारी."

"अहो, त्यातली एक माझी होती! ठिपकेवाली!"

"तुजी?" मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाव लिवलंय का गो तिच्यावर?"

"लिहिलंच होतं! कातडीखाली!"

बाजूच्या बोंबील विकणाऱ्या बाई इतक्या हसल्या, की त्यांचं सूप लवंडलं. पण माझा चेहरा बघून मावशींना काय वाटलं कोण जाणे. पान तोंडात टाकत म्हणाल्या, "खांदा कॉलनीतल्या काकूंनी नेल्या. त्यांचा जावई यायचाय. दवाखान्याची बिल्डिंग, पहिला माला. पळ, नायतर कालवणात शोधशील."

मी पळाले. दार काकूंनीच उघडलं. मागून खोबऱ्याच्या वाटणाचा वास आणि कसला तरी खडखडाट. आत ओट्यावर मोठा टोप होता. टोपावर झाकण, झाकणावर वरवंटा, आणि आतून निवट्या उड्या मारत होत्या. म्हणजे मीठ टाकून झालं होतं. निवट्यांच्या अंगाचा बुळबुळीतपणा काढायला त्यांच्यावर मीठ टाकतात आणि झाकण लावतात. आतला आवाज थांबला की मासे चिरायला घेतात.

आवाज कमी होत चालला होता.

"काकू, झाकण काढा! आधी झाकण काढा, मग सांगते!"

"अगं, कोण तू? आणि माझी लादी—"

"यातल्या एका निवटीत मी रंग टोचलाय!"

हे मी बोलायला नको होतं. काकूंचा चेहरा पांढरा पडला. "टोचलाय? म्हणजे केमिकल?" त्यांनी वरवंटा बाजूला केला, टोपाला दोन्ही बाजूंनी फडकं धरलं आणि टोप उचलून थेट संडासाकडे निघाल्या. "अहो, ऐकलंत का? जावयाला विष घालत होते मी!"

मी संडासाच्या दारात आडवी पडले. अक्षरशः आडवी. आमच्या घरी याला कोणी तीनने भागलं तर काकूंच्या लादीवर अजून डाग आहे, जाऊन बघा.

"काकू, बाकीच्यांना काही झालेलं नाही! फक्त ती एक! ती मला द्या, उरलेल्या खुशाल रांधा!"

"खात्री काय?"

"त्यातलं कालवण मी स्वतः आधी खाते!"

काकू थबकल्या. टोप खाली ठेवला. मी नळ सोडून टोपात पाणी ओतलं, मीठ धुतलं आणि पिशवीतली निळ्या उजेडाची बॅटरी काढली. त्या उजेडात ठिपके चमकतात. काकूंची हाक ऐकून आलेल्या काकांना खिडकीचा पडदा ओढायला सांगितला. अंधारलेल्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं टोपावर वाकलो. एक निवटी, काही नाही. दुसरी, काही नाही. बऱ्याच तर हलतच नव्हत्या. टोपाच्या तळाशी, सगळ्यांच्या खाली, काहीतरी नारिंगी लुकलुकलं.

"अगंबाई," काकू कुजबुजल्या, "टिकली लावलीय."

तिला तळहातावर घेतलं. ती निपचित पडली होती. मी तिच्या कल्ल्यांवर पाणी शिंपडत राहिले. काका पडदा धरून, काकू चमचा धरून उभ्या.  मग तिने एक डोळा आत ओढला आणि बाहेर काढला. पुन्हा तोच अपमान झाल्याचा चेहरा.

बरणीत तिला घेऊन सरांच्या घरी गेले तेव्हा वाटलं, जिंकले. सरांनी चष्मा लावून ठिपके बघितले, वहीतली ओळख जुळवली. मग विचारलं, "ही सापडली कुठे?"

"तिच्या बिळात, सर! या काठावर! मी डोळ्यांनी बघितलं."

सरांनी वही मिटली. त्यांनाही भागाकाराची माहिती होती. पहिल्या वर्षी मी त्यांना मगरीएवढ्या मुंगसाची हकीकत सांगितली होती.

"तुझ्याशिवाय कोणी बघितलं?"

"मावशींनीच तर पकडली!"

मग आम्ही दोघं बाजारात गेलो. मावशी टोपल्या आवरत होत्या. सरांनी अदबीने विचारलं, "मावशी, ही निवटी तुम्ही कुठे धरलीत?"

मावशींच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "पलीकडं. पार पलीकडच्या काठाला."

"मावशी!" मी किंचाळले. "तुम्ही मला हात हलवलात!"

"मी? या बाजूला मी येतच नाय. इकडं काय हाय?"

पलीकडचा काठ म्हणजे जिथे मी तिला सोडलं होतं तो. म्हणजे निवटी जागची हललीच नाही. मावशींच्या एका वाक्याने माझा चॅप्टर बुडाला. आणि मावशी खोटं का बोलतात हे मला पक्कं ठाऊक होतं. मासे धरणारं कोणीही आपली जागा सांगत नाही, विचारलं की नेमकी उलट दिशा दाखवतात. पण "साक्षीदार नेहमी उलटं सांगतात, म्हणून निष्कर्षही उलटा घ्यावा" असं कमिटीसमोर कसं म्हणणार?

परतताना सर वाटेत थांबले. मग बरणीकडे बोट दाखवून म्हणाले, "दोन मार्ग आहेत. ही ठेवलीस तर तुझ्याकडे ठिपके असलेला एक मासा आहे. परत पलीकडे सोडलीस, आणि परत आली, तर तुझ्याकडे उत्तर आहे. कमिटी मी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे मोठ्या भरतीपर्यंत, पुढे ढकलतो. एकदाच."

"आणि नाही आली तर, सर?"

सरांनी खिशातून डायरी काढून उधाणाची तारीख बघितली. मी रात्रभर बरणी पाहत बसले असते तर तिला सोडूच शकले नसते. म्हणून त्याच संध्याकाळी पलीकडे गेले, बरणी आडवी केली आणि तोंड फिरवलं. माझ्याच हाताने माझा एकुलता एक पुरावा चिखलात सोडला, तोही मिठाने अर्धमेला झालेला.

त्यानंतर रोज दिवसाच्या ओहोटीला सर बांधावर. छत्री, फोल्डिंग खुर्ची, दुर्बीण. कॅमेरा तिपाईवर, बिळावर रोखलेला.  बिळाचं तोंड रिकामं. दुसऱ्या दिवशी रिकामं. उधाण जवळ येत गेलं, तशी सरांची दुर्बीण बिळावर कमी आणि घड्याळावर जास्त जाऊ लागली.

आणि मधल्या रविवारी मावशी आल्या. या बाजूला, जिथे त्या येतच नाहीत. सरांकडे बघून त्यांनी पदर सावरला.  ते बीळ सोडा, असं सांगायची सोय नव्हती, कारण त्यांच्या मते त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

मावशींनी डावीकडच्या बिळात हात घातला. मग उजवीकडच्या. मग माझ्या बिळापाशी आल्या. सर खुर्चीतून अर्धे उठले. मावशी त्या बिळाभोवती मोठा वळसा घालून, पाय जपून टाकत, पुढच्या बिळाकडे गेल्या.

सर सावकाश खाली बसले. "या बाजूला त्या येतच नाहीत ना?" ते म्हणाले. सरांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

उधाणाच्या आदल्या दिवशी पाणी उशिरा उतरलं. चिखल चकाकत होता. मी दुर्बिणीतून बघत नव्हते, धीर नव्हता. सरांचा आवाज आला, एकच शब्द, "नारिंगी."

ती दारात बसली होती. कॅमेरा चालू होता, सर शपथेवर साक्षीदार होते, आणि मी बांधावर बसून इतकी रडले की भरती लवकर आली.

चॅप्टर उभा राहिला. कमिटीने फार विचारलं नाही, चित्रफीत सरांनीच लावली. नंतर बाजारात मावशींना सांगायला गेले, तर त्यांनी फक्त विचारलं, "पुस्तकात जागा लिवलीस का गो?"

नाही लिहिली. प्रबंधातल्या नकाशात आख्खी खाडी एकाच रंगात आहे, सरांची त्याला संमती होती. आणि आता एवढं वाचून तुम्ही बादली घेऊन रोडपालीच्या काठाला निघाला असाल, तर खुशाल जा. मी आणि मावशी त्या बाजूला येतच नाही.