फाटकाजवळचं घायपात

चादर अर्धी पिळून झाली होती, तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, आज दांडा किती भरला?"

काकूंनी चादर बादलीत सोडली. "छपराला टेकलाय बघा."

"टेपनं मोजलंस की डोळ्यानं? जन्म गेला माझ्याबरोबर, अजून टेप सरळ धरता येत नाही तुला!"

शिंपीकाका हसले आणि हसण्यापाठोपाठ त्यांना धाप लागली.

काकांचं आयुष्य गिऱ्हाइकांच्या घाईत गेलं. ज्याला त्याला कपडे आजच्या आज हवे असायचे. म्हणूनच की काय, हौसेला त्यांनी निवडलं ते सगळ्यांत आळशी झाड. लेक रांगत होती तेव्हा फाटकाजवळ लावलेलं घायपात, तिची मुलं शाळेत जायला लागली तरी फुलायचं नाव घेईना. काकू कुरकुरायच्या, "काटेरी कारटं मेलं! ना सावली, ना फळ." काका मात्र त्याची वाळकी पानं स्वतः छाटायचे, नातवंडं आली की प्रत्येक काट्याच्या टोकावर बाटलीचं बूच बसवायचे. म्हणायचे, "आयुष्यात एकदाच फुलतं. ते बघितल्याशिवाय मी कुठं जात नाही."

काका अंथरुणाला खिळले आणि त्याच उन्हाळ्यात पानांच्या मधोमध फुलाचा जाडजूड दांडा वर आला. मागच्या खोलीतून फाटक दिसत नाही, म्हणून काकू रोज माप सांगू लागल्या. अशात शेजारच्या बंगल्याचा माळी फाटकाशी थांबून सहज बोलून गेला, "काकू, हे फुललं की वाळतं बरं का."

काकूंना काकांचं बोलणं आठवलं. बघितल्याशिवाय जात नाही म्हणतात, म्हणजे बघितल्यावर? परवा दुपारी काकांचा डोळा लागलेला पाहून त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि करवतीनं दांडा बुडापासून कापला. काल माळ्यानं कपाळाला हात लावला. "अहो, मरणार ते आताही. फक्त फुलणार नाही."

आता माप सांगून झाल्यावर त्या काकांना कुशीवर वळवायला आत गेल्या. काकांनी त्यांचं मनगट धरलं. कोपरापर्यंत लालभडक पुरळ होतं.

"हे काय?"

"साबणानं उठलंय, दुसरं काय."

"साबण नाही हा. घायपाताचा चीक आहे. दर छाटणीला माझे हात असेच व्हायचे." काकांनी मनगट उलटं करून पाहिलं. "काय कापलंस?"

काकूंच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं. "मला वाटलं, ते राहिलं तर तुम्हीही राहाल हो."

काकांनी मनगट सोडलं. "मरायचं ते होतंच गं. फुलून मेलं असतं." मग डोळे मिटून म्हणाले, "उद्यापासून माप सांगू नकोस."

काकूंनी उरलेली चादर पिळली, दोरीवर टाकली. काकांच्या पाठीला पडून पडून झालेल्या जखमांचं मलम संपलं होतं. पिशवी घेऊन त्या औषधाच्या दुकानाकडे निघाल्या.