वाघ शाळेत पोचला अन् माझं दुकान बसलं

"थांबा थांबा. वाघ नदीपर्यंत आला. पुढं?" गुरुजी लिहिता लिहिता म्हणाले.

"पुढं केस न्हाईत, गुरुजी," मी म्हणलं.

खरंच न्हवतं. खुर्चीवर शेजारचा बाळ्या बसला हुता. गोष्टीच्या नादात माझी कातर चालत राहिली, अन् वाघ नदीला पोचस्तवर बाळ्याचं डोकं धुतलेल्या वाटीवाणी झालं. तेवढ्यात त्याची आई आली.

"आवं तात्या! बारीक करा म्हणलं हुतं. जावळ काढा न्हवतं म्हणलं!"

"वैनी, पुस्तकाला लागलं."

"पुस्तकाला केस लागत्यात व्हय?"

आता हे आधी कुणाला ठावं हुतं?

मी न्हावी. कराडात मंडईच्या बोळात माझं दुकान. एक खुर्ची, एक आरसा, त्योबी कोपऱ्यात चिरलेला. वस्तरा, कातर अन् मशीन. मशीन म्हंजी इजेवरचं न्हवं, हातानं चिमट्यागत दाबायचं. त्यात केस अडकला की पोरगं बोंबलतंच. म्हणून पोरांस्नी मी गोष्ट सांगायचो. खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकायची, फळीवर पोरगं, अन् पोराच्या कानात वाघ.

वाघ मेढ्याच्या रानातला. त्याला पाचगणीच्या शाळंत नाव घालायचं हुतं. मेढ्यास्नं पाचगणी काय लय लांब न्हाई. पण माझा वाघ वाट चुकून लोणंदच्या बाजारात जायचा, रेल्वेत बसायचा, सांगलीत हळदीत लोळून पिवळाधमक हून यायचा. केस कापून झालं की गोष्ट तिथंच थांबायची. "पुढचं, केस वाढल्यावर." महिना भरायच्या आत पोरं आयांचं डोकं खायची. तीन वर्सं वाघ वाटंतच हुता अन् माझं दुकान चालत हुतं.

मंग समोर नवीन सलून आलं. गरागरा फिरणारी खुर्ची. वर रेडिओ. मी घाबरलो. पोरं तिकडं गेली की मागनं बापबी जाणार.

गुरुजी माझ्याकडं दाढीला यायचे. म्हणाले, "तात्या, तो सलूनवाला काय रेडिओ घरी देतो का पोरांना? तुम्ही तुमची गोष्ट छापा. घरोघरी तुमचा वाघ जाईल. तुम्ही सांगा, मी लिहितो."

मला पटलं. पयल्यांदा गुरुजींच्या घरी बसलो. चहा झाला, पोहे झाले, तोंडातनं गोष्ट निघंना. हातात कातर नसली की माझी जीभ चालत न्हाई, हे मला तवा कळलं. म्हणून दुकानात बसायचं ठरलं अन् बाळ्याचं डोकं घेतलं. ते संपल्यावर त्याच्या भावाचं घेतलं. दोन डोक्यांत पुस्तक झालं.

ते घेऊन एस्टीनं सांगलीला गेलो. छापखानेवाले आप्पा गुरुजींच्या वळखीचे. त्यांनी पयलाच प्रश्न असा टाकला की मी गार.

"लेखक कोण?"

"गुरुजींनी लिवलंय."

"सांगितलं कुणी?"

"मी."

"मग लेखक तुम्ही."

"पर मला लिवाय येत न्हाई."

"त्याला काही अडत नाही. प्रकाशक कोण?"

"ते काय असतंय?"

"ज्याचे पैसे तो."

पैसं शेळी इकून आणलं हुतं. शेळी बायकोची. म्हणून प्रकाशक म्हणून बायकोचं नाव घातलं. तिला घरी येऊन सांगितलं, तर म्हणाली, "मला कशात अडकवलंसा?"

आठ दिसांनी प्रूफ बघायला बोलावलं. प्रूफ म्हंजी खरं छापायच्या आधी चुका बघाय काढलेला कागद. मी लय वेळ बघितलं. आप्पा म्हणाले, "उलटं धरलंय." सुलटं केलं तर अर्धी पानं परत उलटीच. मी कागद फिरवतोय, कागदाभवती मी फिरतोय. मंग त्यांनी सांगितलं, एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापायची, घड्या घातल्या की सगळी सरळ येत्यात. ह्याला फॉर्मा म्हणत्यात. मला घडी घातल्यावरबी कळलं न्हाई, पर मी मान हालवली.

चित्राला वाघाचा ठसा आप्पांकडं जुनाच हुता, कुठल्याशा दंतमंजनाच्या जाहिरातीतला. म्हणून पुस्तकभर वाघ दात काढून हसत हुता.

आप्पांनी वाचून दाखवलं, "वाघ म्हणाला, आई, मी शाळेला जातो. आई म्हणाली, जा बाळा. मान खाली घाल. हालू नगं, कान जाईल."

"आँ? ह्ये कुठनं आलं?"

गुरुजींनी मी बोललेलं सगळं लिवलं हुतं. त्यात मी बाळ्याला बोललेलंबी आलं.

"काढा की ते," मी म्हणलं.

"एक ओळ काढली की पुढची सगळी पानं सरकतात. राहू द्या. आई जरा कडक वाटते, एवढंच." मंग शेवटच्या पानावर बोट ठेवून आप्पा म्हणाले, "पण हे काय? पुढचं, केस वाढल्यावर?"

"तिथं गोष्ट थांबती."

"कुठली थांबते? वाघ अजून रस्त्यातच आहे! पुस्तक आहे की हजामत? शेवट पाहिजे. अर्धं पान कोरं आहे, पटकन सांगा. मशीन खोळंबलंय."

समोर मशीनवाला उभा, आप्पा उभे. घाईघाईत मी बोलून गेलो, "वाघ शाळंत पोचला. मास्तरांनी त्याचं नाव घातलं."

"झकास," आप्पा म्हणाले अन् खाली 'समाप्त' लावलं.

पुस्तकं आली. पोरांस्नी वाटली, काई इकली. आठ दिस मी बोळातनं छाती काढून चाललो. मंग केस वाढायचा वकूत आला, अन् पोरं बापाचं बोट धरून समोरच्या सलूनात जाया लागली. माझ्या दारावरनं!

बाळ्या एकदा एकटा घावला. मी हाक मारली, "का रं गड्या, हिकडं न्हाई?"

"गोष्ट संपली की, तात्या. वाघ शाळंत गेला."

"आरं न्हाई गेला. अजून घाटात हाय. एक अस्वल त्याला..."

"छापलंय की."

"छापलंय ते मीच सांगितलं!"

"तुमास्नी वाचाय येतंय?"

"न्हाई."

"मंग त्यात काय छापलंय, तुमास्नी काय ठावं?"

आता ह्याला काय म्हणायचं? माझा वाघ, माझी गोष्ट, बायकोची शेळी, अन् माझ्याच शब्दाला किंमत न्हाई. मी हरलो. म्हणलं, "बरं बाबा, गेला शाळंत. बस फळीवर. पुढचं सांगतो."

बाळ्या बसला. मी मशीन घेतलं. "तर वाघ वर्गात गेला. अन् मास्तर म्हणालं..." हिथं मी अडकलो. मी शाळंत कवा गेलोच न्हवतो. रान ठावं, बाजार ठावा, रेल्वेबी ठावी. शाळंत आत काय चालतं? "मास्तर म्हणालं, या बसा, खुर्ची घ्या."

बाळ्या गर्रकन फिरला. "खुर्ची मास्तराची असती! पोरं खाली बस्करावर बसत्यात. तुमास्नी काईच कसं ठावं न्हाई ओ?"

"मंग तूच सांग."

अन् त्यो सांगाय लागला. आधी घंटा. मंग प्रार्थना. वाघाचं डोळं मिटंनात म्हणून मास्तरांनी त्याला उभा केला. मंग पाढं. सातचा पाढा वाघाला येईना. बाळ्या छडी कशी मारत्यात ते दोन्ही हातांनी दाखवाय लागला, मास्तर झाला, वाघ झाला, फळीवर उभाबी ऱ्हायला. मी मशीन घेऊन त्याच्या डोक्यामागनं पळतोय.

दुसऱ्या दिशी त्याचा भाऊ आला. "बाळ्यानं खोटं सांगितलं. वाघाला सातचा येतोय, नऊचा येत न्हाई." मंग समोरच्या सलूनातल्या खुर्चीवरची पोरंबी एकेक करून परत आली. शाळंतलं सगळ्यांस्नीच ठावं, मला एकट्यालाच न्हाई. प्रत्येकाला सांगायचंच हुतं.

दुकान चाललं. पर त्या सालात आमच्या बोळातलं एक पोरगं सरळ भांगाचं न्हवतं. कुणाच्या कानावर झुपका, कुणाला मागनं पायऱ्या. बाळ्याची आई परत आली.

"तात्या, ह्यो कसला कट?"

"मिल्ट्री कट, वैनी."

"ह्याचा बाप मिल्ट्रीतच हाय. मला शिकवू नगा."

धंद्यातलं एवढंच कळलं. ऐकणाऱ्याचं केस सरळ कापता येत्यात, सांगणाऱ्याचं न्हाई.