रुद्रम्माचा मुळीला दिलेला शब्द

“ही मुळी खाता का न्हाय?”

“न्हाय.”

“मग दवाखान्यात चला. लोहाचं सलाईन लावू म्हणालेत डॉक्टर.”

“तिथंबी न्हाय. बाजारातल्या बायांनी बघितलं तर माझी मुळी कोण घेईल?”

शिवकांतानं उपळसरीच्या मुळ्यांची जुडी सासूच्या पुढ्यात आपटली. रुद्रम्मानं ती उचलून, लेकराचं तोंड पुसावं तशी पदरानं पुसली.

मुरुमच्या आठवडी बाजारात रक्त वाढवायची मुळी म्हटलं की रुद्रम्मा अव्वाच. बाळंतीण असो नाहीतर फिकुटलेली पोरगी, अव्वा तिची खालची पापणी ओढून बघणार, “पार हळदीगत झालीस की गं” म्हणणार आणि वासाची उपळसरी हातात ठेवणार. परवा तपासणी शिबिरात अव्वाचंच रक्त बारा पाहिजे तिथं सात निघालं. सुई टोचणारी नर्ससुद्धा तिचीच गिऱ्हाईक. नर्सनं तोंडाला रुमाल लावला. हसू लपवायला, असं अव्वाचं म्हणणं.

“रोज खणताय. एक तुकडा तोंडात टाकला तर काय बिघडतंय?”

“मुळीला शब्द दिलाय.”

खणायच्या आधी अव्वा वेलीपुढं चार तांदूळ ठेवते, हात जोडते आणि सांगते, परक्यासाठी नेते, घरच्यासाठी न्हाय. तिच्या सासूनं शिकवलेलं. त्यामुळं सगळ्या गावाला लाली आणि अव्वा तेवढी पांढरीफटक.

“मग म्या खणते तुमच्यासाठी.”

“तू घरचीच की. तुझ्या हातची कशी चालंल?”

शिवकांतानं पदर खोचला. “घरची? कवापासनं? तांब्या हिकडचा तिकडं झाला तरी परक्याची पोर म्हणता मला. म्या परकी, तर मला तुमीबी परक्याच. परक्यासाठीच खणणार म्या. मुळीचा शब्द कुठं मोडला?”

भाव पाडून मागणाऱ्याला अव्वा कानडीत एक आणि मराठीत एक ऐकवते. आत्ता तिनं जुडीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

“सांगा अव्वा. परकी असंन तर कुदळ घेते. घरची असंन तर गुमान दवाखान्यात चला.”

“च्या टाक आधी.”

“आधी सांगा.”

अव्वानं जुडी कोनाड्यात ठेवली. पदर नाकापर्यंत ओढला. खुंटीवरची दवाखान्याच्या कागदांची पिशवी काढून सुनेच्या हातात दिली, चपला पायात सरकवल्या आणि बाजार टाळून मागच्या वाटेनं दवाखान्याकडं चालू लागली.